काळे आधी की कासार?

कापूस खरेदीचा हंगाम लागला की आदिलाबादच्या मार्केट यार्डाबाहेर गाड्यांची रांग लागते आणि आत टेबलावर याद्या. नाव नोंदवलेल्या शेतकऱ्यांच्या या याद्या आता कॉम्प्युटरवरून छापून येतात. त्या चाळणारा माणूस मात्र अजूनही बोट फिरवूनच नाव शोधतो. मराठी नावांची यादी असेल तर ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’च्या नंतर, म्हणजे ‘का’च्या शेवटाकडे असणार असं धरून त्याचं बोट खाली जातं. तिथे काळे सापडत नाहीत. ते ‘कालेकर’च्या लगेच खाली, ‘कावळे’च्या वर छापलेले असतात. तसंच क्षीरसागर शेवटी नसतात, ते ‘कोल्हे’नंतर आणि ‘खंदारे’च्या आधी बसलेले असतात. मागे रांग वाढते, आणि समोरच्याला सांगितलं जातं, ‘‘तुमचं नाव नाही.’’

ही चूक ज्याच्या डोळ्यांना पहिल्यांदा खुपली, तो बेला मंडलातल्या कापूस उत्पादकाचा मुलगा. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात दोन्ही आणि वर उर्दू. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते, हे लक्षात घेतलं की पैनगंगेच्या दक्षिणेला इतकी मराठी कशी, हा प्रश्न पडत नाही. इंजिनिअरिंग करून तो हैदराबादला गेला, नंतर कंपनीने घरून काम करायची मुभा दिली तेव्हा आदिलाबादला परतला. नाव छापू नका, ही त्याची एकच अट. कंपनी खरेदी केंद्रांसाठी नोंदणीचं सॉफ्टवेअर करते. याद्यांचा भाग त्याच्याकडे नव्हता, पण यादी त्याच्या वडिलांच्या हातात आली होती.

दोष कुणा एकाचा नव्हता. युनिकोडने देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिला आहे आणि त्या क्रमात ‘ल’ला लागून ‘ळ’ येतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना तर स्वतःचा क्रमांकच नाही. ‘क’, हलन्त आणि ‘ष’ मिळून क्ष, तर ‘ज’, हलन्त आणि ‘ञ’ मिळून ज्ञ. प्रोग्रामरने नुसतं ‘लावा क्रमाने’ असं सांगितलं, तर कॉम्प्युटर हे क्रमांक बघतो आणि कामाला लागतो. आपण लहानपणी म्हटलेली वर्णमाला वेगळी असते. तिच्यात ‘ह’नंतर ‘ळ’ येतो आणि शेवटी क्ष, ज्ञ. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातही वर्णमाला अशीच दिलेली आहे. यावर उपायसुद्धा तयार होता. युनिकोड कन्सॉर्शियमच सीएलडीआर नावाचा एक साठा सांभाळतं. कुठल्या भाषेत तारीख कशी लिहितात, अक्षरं कोणत्या क्रमाने लावतात, असे नियम त्यात असतात. मराठीचा वर्णक्रम त्यात आहे. कोडमध्ये फक्त एवढंच सांगायचं राहिलं होतं, की यादी लावताना वापरणाऱ्याने निवडलेल्या भाषेचा नियम घे.

बदल जेमतेम चार-पाच ओळींचा. त्या ओळी लिहून झाल्यावर जे घडलं, ते इथे सविस्तर सांगायचं आहे, कारण सॉफ्टवेअरचं खरं काम बरंचसं तिथेच होतं आणि बाहेरच्या माणसाला ते कधी दिसत नाही.

कुठल्याही नीट चालणाऱ्या टीममध्ये आपण लिहिलेला कोड आपणच मुख्य कोडमध्ये घालत नाही. दुसरा कुणीतरी तो वाचतो, शंका काढतो, पास करतो, मगच तो आत जातो. ही पद्धत जुनी आहे. आयबीएममधल्या मायकेल फेगन यांनी १९७६ साली यावर निबंध लिहिला, तेव्हा ठरलेल्या भूमिका वाटून घेऊन माणसं एका खोलीत बसत आणि छापील कोड वाचत. आज खोलीची गरज उरलेली नाही. गुगलमध्ये अँड्रॉइडच्या कामासाठी शॉन पीअर्स यांनी गेरिट नावाची तपासणीची व्यवस्था उभी केली. तिचं मूळ पायथन भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांच्या ‘रीटव्हेल्ड’ या प्रकल्पात होतं, आणि दोन्ही नावं मिळून होतात गेरिट रीटव्हेल्ड, म्हणजे लाल-निळ्या खुर्चीसाठी प्रसिद्ध असलेला डच वास्तुकार. गेरिटकडे बदल पाठवायचा तर गिटला, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, एक लांबलचक आज्ञा द्यावी लागे आणि तिच्यात कोणत्या शाखेच्या तपासणीसाठी बदल चाललाय तो पत्ता अचूक लिहावा लागे. ओपनस्टॅक या प्रकल्पाच्या लोकांनी हा सगळा व्याप एका छोट्या पायथन प्रोग्राममध्ये बसवला. त्याचं नाव गिट-रिव्ह्यू. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत ‘गिट रिव्ह्यू’ एवढे दोन शब्द टाइप करून एंटर मारायचं, की बदल तपासणीला गेला.

पहिल्याच वेळी मात्र ‘गिट रिव्ह्यू -एस’ असं म्हणून जोडणी करून घ्यावी लागते. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘.गिटरिव्ह्यू’ नावाची छोटी फाइल असते. सर्व्हर कोणता, पोर्ट कोणता, प्रकल्पाचं नाव काय, हे ती सांगते. याच वेळी आपल्या मशीनवर एक छोटी स्क्रिप्ट बसते, आणि इथून पुढे प्रत्येक कमिटच्या, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशाखाली ती स्वतःहून एक ओळ जोडते. या ओळीला चेंज-आयडी म्हणतात: ‘आय’ हे अक्षर आणि पुढे चाळीस अक्षर-अंकांची माळ. दिसायला निरर्थक, पण सगळी गोम तिच्यातच आहे. कोड सुधारून पुन्हा पाठवला तर गिटच्या दृष्टीने ते नवं कमिट असतं. चेंज-आयडी तोच राहिल्यामुळे गेरिटला कळतं, की हा नवा बदल नव्हे, जुन्याचीच दुसरी आवृत्ती आहे. आधीचे शेरे, उत्तरं, कोण काय म्हणालं, सगळं एकाच पानावर राहतं. दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून मधल्या काळात नेमकं काय बदललं, तेही बघता येतं.

त्याचा बदल तपासणार होते हैदराबादचे एक वरिष्ठ. फोनवर तो त्यांना ‘अन्ना’ म्हणतो. मूळचे वरंगलचे, मराठी एक अक्षर येत नाही. म्हणून कोडपेक्षा कमिटचा संदेश लिहायलाच त्याला जास्त वेळ लागला. पहिली ओळ साठ-सत्तर अक्षरांत मावेल अशी, मग एक ओळ मोकळी, मग कारण. संदेश इंग्रजीत होता, त्याचा आशय असा: सध्या नावं युनिकोडच्या क्रमांकाने लागतात. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. त्यामुळे काळे हे नाव कासारच्या आधी छापलं जातं आणि केंद्रावर लोकांना ते सापडत नाही. हा बदल वापरणाऱ्याच्या भाषेचा वर्णक्रम लावतो. खाली शासन निर्णयाचा आणि सीएलडीआरचा आधार दिलेला.

असा संदेश लिहिणं हे कारकुनी काम आहे, असं बऱ्याच नव्या मुलांना वाटतं. ‘फिक्स केलं’, ‘अपडेट’ एवढं लिहून ती मोकळी होतात. पण तपासणारा माणूस मराठी वाचू शकत नसेल, तर हा संदेश हाच त्याचा एकमेव आधार असतो. यादी बरोबर दिसतेय की चूक, हे त्याच्या डोळ्यांना कळणार नाही. कारण पटलं तरच तो बदल पास करील. सीमेवरच्या जिल्ह्यात वाढलेल्या मुलाला एक गोष्ट आपसूक येते: आपली भाषा न जाणणाऱ्याला आपलं म्हणणं समजावून सांगणं. बेल्याच्या बाजारात त्याने ते लहानपणापासून केलेलं आहे. इथे ते कामी आलं.

संध्याकाळी उत्तर आलं. उणे एक.

गेरिटमध्ये तपासणारा गुण देतो. उणे दोन म्हणजे हा बदल आत जाऊच शकत नाही. उणे एक म्हणजे आत्ता आहे तसा नको, सुधारा. अधिक एक म्हणजे मला ठीक वाटतं, पण अंतिम मंजुरी दुसऱ्या कुणी द्यावी. अधिक दोन म्हणजे मंजूर. गुणासोबत ज्या ओळीबद्दल बोलायचं तिच्यावरच शेरा लिहिता येतो. अन्नांनी वर्णक्रम लावणाऱ्या ओळीवर विचारलं होतं: ‘मध्य प्रदेशातली केंद्रं हिंदी वापरतात. लिपी एकच. त्यांच्या याद्यांचं काय होईल?’

प्रश्न अचूक होता. हिंदीत ‘क्षमा’ हे नाव लोक ‘क’मध्येच शोधतात. मराठीचा नियम त्यांच्यावर लादला, तर इकडचा घोळ तिकडे गेला एवढंच. त्याच्या कोडमध्ये भाषा वापरणाऱ्याच्या सेटिंगमधूनच घेतली जात होती, म्हणजे हिंदी यादी हिंदीच्याच नियमाने लागत होती. पण हे वाचणाऱ्याने विश्वासावर मान्य करायचं, की पडताळून? त्याने एक चाचणी लिहिली. तीच नावं, एकदा मराठी सेटिंगने, एकदा हिंदी सेटिंगने, आणि दोन्ही वेळी अपेक्षित क्रम काय तो. मग ‘गिट कमिट --अमेंड’ म्हणजे जुन्याच कमिटमध्ये भर, चेंज-आयडीच्या ओळीला हात न लावता, आणि पुन्हा ‘गिट रिव्ह्यू’. पानावर ‘पॅचसेट २’ दिसू लागलं. स्वयंचलित चाचण्या आधी चालल्या, त्यांनी हिरवा शेरा दिला. सकाळी अधिक दोन आलं होतं, आणि खाली एक वाक्य: या चाचणीत तेलुगूही घाल, वेगळा बदल म्हणून.

‘वेगळा बदल म्हणून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गेरिटची सगळी रचना एक कमिट, एक कारण या तत्त्वावर उभी आहे. चार गोष्टी एकत्र कोंबून पाठवल्या तर तपासणारा वैतागतो, वरवर नजर फिरवतो आणि चूक निसटते. छोटा बदल माणूस खरोखर वाचतो.

यार्डात कापसाच्या गाडीत मॉइश्चर मीटर खुपसतात, तेव्हा शेतकऱ्याचा जीव वर-खाली होतो. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर भारतीय कापूस महामंडळाचा, म्हणजे सीसीआयचा, पूर्ण हमीभाव, त्यापुढे कपात, बारा टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत. वडिलांसोबत ते अनेकदा पाहिलेल्या या मुलाला उणे एकचं वाईट वाटलं नाही. उलट फरक त्याला ठळक दिसला. मीटरचा आकडा कारण सांगत नाही आणि परत आणायला सवड देत नाही. तपासणीत कारण लिहून द्यावं लागतं, उलट उत्तर देता येतं, आणि तोच माल सुधारून त्याच दारात पुन्हा नेता येतो.

आदिलाबादहून हे काम करताना अडचणी येतात त्या वेगळ्याच. गेरिट एसएसएचवरून बोलतं आणि त्यासाठी सहसा २९४१८ क्रमांकाचा पोर्ट वापरतं. बऱ्याच कॉलेजांच्या आणि ऑफिसांच्या नेटवर्कवर ओळखीचे दोन-चार पोर्ट सोडून बाकी सगळे बंद असतात. ‘गिट रिव्ह्यू’ दिलं की टर्मिनल नुसतं थिजून बसतं, चूक काय तेही सांगत नाही. नवा मुलगा यावर अख्खा दिवस घालवतो आणि आपल्याला हे जमत नाही असं ठरवून मोकळा होतो. फोनचं हॉटस्पॉट लावून पाहावं. तिथून गेलं, तर दोष नेटवर्कचा. मग एचटीटीपीएसचा रस्ता धरावा. दुसरी नेहमीची ठेच म्हणजे चेंज-आयडीची स्क्रिप्ट बसवायची राहून जाते आणि सर्व्हर ‘चेंज-आयडी नाही’ म्हणून बदल परत पाठवतो. ‘गिट रिव्ह्यू -एस’ पुन्हा चालवलं आणि कमिट एकदा अमेंड केलं की भागतं. बाकी, बदल पाठवायला डेटा लागतो तो अगदी किरकोळ. पूर्ण प्रकल्प पहिल्यांदा उतरवताना मात्र शहराच्या इंटरनेटची परीक्षा होते. त्यासाठी गिटमध्ये सगळा इतिहास न घेता फक्त ताजी अवस्था उतरवायची सोय आहे, ती वापरावी.

रविवारी सवड मिळाली की तो विकिमीडियाच्या गेरिटवर जातो. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीचा कोड मार्च २०१२ मध्ये जुन्या सबव्हर्जनमधून गिट आणि गेरिटवर आला. पुढे संस्थेचे काही प्रकल्प गिटलॅबवर गेले, मूळ कोड मात्र गेरिटवरच राहिला, आणि बदल पाठवायला तिथेही गिट-रिव्ह्यूच सुचवतात. या व्यवस्थेची मोठी गोष्ट अशी, की वाचायला लॉगिनही लागत नाही. कोणत्या बदलावर कोण काय म्हणालं, जुने वाद, मागे घेतलेले शेरे, सगळं उघडं आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावर आकडे देवनागरीत दिसतात, त्यामागे मराठीसाठीच्या एका फाइलमधला अंकांचा छोटा तक्ता आहे. वर्ग-पानांवर ळ, क्ष, ज्ञ यांचे स्वतंत्र गट कुठून येतात, तेही कोडमध्ये शोधता येतं. कुणाचा अजून आत न गेलेला बदल आपल्या मशीनवर चालवून पाहायचा तर ‘गिट रिव्ह्यू -डी’ आणि पुढे त्या बदलाचा क्रमांक. चांगला कोड कसा लिहावा यावर पुस्तकं खूप आहेत. चांगला शेरा कसा लिहावा, न दुखावता नकार कसा द्यावा, हे तो या पानांवर शिकला.

आणि याच जिल्ह्यातली एक अख्खी लिपी अशीच तपासणी होऊन जगाच्या कोडमध्ये गेली, हे आदिलाबादच्या बाहेर फार थोड्यांना माहीत आहे. नारनूर मंडलातलं गुंजाळा हे गाव. तिथल्या गोंड घरांत जपून ठेवलेली हस्तलिखितं हैदराबाद विद्यापीठाचे प्रा. जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासकांसमोर आणली. लिपी गोंडीची, कोणत्याही शेजारच्या लिपीची नक्कल नसलेली. अंशुमान पांडे यांनी तिचा प्रस्ताव युनिकोडपुढे मांडला. प्रत्येक अक्षराचा आकार, उच्चार, जोडाक्षरं कशी होतात, पुरावा म्हणून हस्तलिखितांचे आणि वाचनमालेचे नमुने. शेरे आले, प्रस्ताव सुधारून पुन्हा गेला. जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत ‘गुंजाळा गोंडी’ दाखल झाली. तिच्यासाठी ८० जागा राखलेल्या आहेत, त्यांपैकी ६३ जागी चिन्हं आहेत.

यातली एक गोष्ट त्याला सगळ्यात जास्त भावते. गुंजाळा गोंडीची व्यंजनं ‘क’ने सुरू होत नाहीत. य, व, ब, भ, म आणि मग क, ख, असा त्या लिपीचा परंपरागत क्रम आहे. युनिकोडमध्ये तो तसाच ठेवला गेला, देवनागरीच्या साच्यात बसवला गेला नाही. कारण कुणीतरी तो क्रम लिहून, पुराव्यासह, न कळणाऱ्या माणसांपुढे मांडला होता. पुढे गुगलच्या नोटो मालिकेत या लिपीचा फॉन्ट आला. तो मुक्त आहे आणि त्याचा कोड गिटहबवर उघडा आहे. पण लिपीला क्रमांक मिळाले आणि फॉन्ट आला, म्हणजे काम संपलं असं नाही. कळफलक, शब्दांचा वर्णक्रम, जुन्या फोनवर जोडाक्षरांचं दिसणं, शुद्धलेखन तपासणी, ॲपमधल्या सूचनांची भाषा, असं पुष्कळ काम अशा प्रत्येक भाषेत शिल्लक असतं, आणि ते चार-पाच ओळींच्या बदलांनीच पुढे सरकतं. इथल्या कोलामी भाषेला तर अजून सुरुवातीचीच गरज आहे.

गेरिट आणि गिट-रिव्ह्यू हाच एक मार्ग आहे असं नाही. लिनक्सच्या कर्नलचे बदल आजही ‘गिट सेंड-ईमेल’ने, साध्या ईमेलमधून जातात. गिटहबवर ‘जीएच’ नावाची आज्ञा पुल रिक्वेस्ट उघडते. मोझिलाचं साधन निराळं आहे. नव्या मुलाला गिटहबची पद्धत सोपी जाते, हे खरं, आणि गेरिटचं पान पहिल्यांदा पाहिलं की गोंधळायला होतं, हेही खरं. तरी वर्षभर दोन्हीकडे काम केल्यावर त्याचं मत पक्कं झालं: एक कमिट, एक कारण, आणि तोच धागा शेवटपर्यंत, ही शिस्त गेरिट लावून देतं तशी दुसरं कुणी लावत नाही. हे मत पटण्यासारखं आहे. गिटहबवर सुधारणांची कमिटं एकावर एक साचत जातात, आणि सहा महिन्यांनी एखादी ओळ का आली हे शोधायला गेलं, तर ‘शेरे दुरुस्त केले’ एवढंच हाती लागतं.

आदिलाबादमध्ये आता आयटीचं काम नवं राहिलेलं नाही. २०२२ साली तेलंगणाचे तेव्हाचे आयटी मंत्री शहरातल्या बीडीएनटी लॅब्जला भेट देऊन गेले, त्याची तेव्हा बरीच चर्चा झाली होती. नोकऱ्या येतील त्या येतील. पण आपल्या भाषेचा दोष दुरुस्त करायला नोकरीची वाट बघावी लागत नाही. विकिमीडियाचं डेव्हलपर खातं फुकट निघतं, गिट-रिव्ह्यू ‘पिप’च्या एका आज्ञेने बसतं, आणि पहिला बदल पाठवणाऱ्याचं तिथे संदेशाने स्वागत होतं. आदिलाबाद, उटनूर, किनवट, पांढरकवडा इथल्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाला असलेल्या, मराठी, गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलामुलींनी प्रोजेक्टसाठी दुसरं-तिसरं ॲप करण्यापेक्षा असा एक छोटा बदल निवडावा, त्याचं कारण नीट लिहावं आणि तो पाठवावा. शिक्षकांनीही त्याला प्रोजेक्ट म्हणून गुण द्यावेत.